दार, खिडकी आणि मधलं स्टूल

बाई, तुम्ही गोष्ट अर्धी टाकून गेलात. आज अठरा दिवस झाले. शोकसभेत तुमच्याबद्दल जे चांगलं बोलायचं ते सगळे बोलून मोकळे झाले. मी काही बोललो नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, पण माझ्या मनात जे होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं. नागभीडच्या स्टँडवरून सकाळची एसटी पकडायची, शाळेच्या गावापर्यंत भांडत जायचं आणि संध्याकाळी उरलेलं भांडत परत यायचं, ही आपली वीस वर्षांची सवय. ती काय एका दिवसात सुटते होय? परवा कंडक्टरनं मला दोन तिकिटं दिली. मी एक परत केलं नाही, खिशात ठेवलं.

नवीन माणूस येईपर्यंत नववीचा मराठीचा तास मला दिला आहे. हसा तुम्ही. गणित-विज्ञानाचा भोयर मास्तर, ज्यानं जन्मभर तुम्हाला सांगितलं की पोरांना गोष्टी सांगून वेळ घालवू नका, तो आता तुमच्या तासाला उभा. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर बाक भिंतीला सरकवलेले, मधली जागा मोकळी आणि मधोमध तुमचं ते डुगडुगणारं लाकडी स्टूल. मी म्हटलं, "बाक जागेवर लावा, पुस्तकं काढा." एकही पोरगं हललं नाही. पुढचा एक जण म्हणाला, "सर, गोष्ट अर्धी हाय. बाईनं सांगतलं होतं, उद्या पुढची सांगतो म्हणून."

ज्यांनी तुमचा तास पाहिला नाही त्यांना हा प्रकार काय कळणार. तुम्ही धडा शिकवायचा तो शिकवायचातच, पण आठवड्यातून एकदा स्टुलावर बसून मनानं रचलेली गोष्ट सांगायचात. त्या गोष्टीतल्या माणसावर काहीतरी ठरवायची पाळी आली, की नेमक्या तिथे थांबायचात. मग म्हणायचात, "चला, उठा." त्यानं ते करावं असं ज्याला वाटतं त्यानं दाराकडे जायचं, करू नये वाटतं त्यानं खिडकीकडे. मध्ये कोणी थांबायचं नाही. मग दारातले खिडकीतल्यांशी वाद घालायचे. कोणाला पटलं तर त्यानं पलीकडे जायचं, पण गुपचूप नाही. मोठ्यानं म्हणायचं, "मी बाजू बदलली." आणि त्याला कोणी हसायचं नाही. हसला तर आठ दिवस फळा पुसायचा.

मला तो पोरखेळ वाटायचा. शेजारच्या वर्गात मी समीकरणं शिकवत असायचो आणि भिंतीपलीकडून धडाधड पावलं वाजायची. एसटीत मी विचारायचो, "बाई, शेवटी उत्तर काय काढलं?" तुम्ही खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत म्हणायच्या, "उत्तर काढाचं नोहतं, सर." मी चिडायचो. माझ्या पुस्तकात मागच्या पानावर उत्तरं असतात. तुम्ही म्हणायच्या, "तुमी वरोऱ्याचे, कापसावाले. वेचला, गाठोडं बांधलं, झालं. आमी कुरखेड्याचे, धानवाले, आमाले चिखलात उभं राहा लागते." आता कुरखेड्याची माणसं तेवढी चिखलात उभी राहतात आणि वरोऱ्याची काय पलंगावर बसून कापूस वेचतात? हे मी तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही डब्यातली भाकर पुढे केली आणि विषय बदलला.

एक तास मात्र मी दारात उभा राहून पाहिला होता. आश्रमशाळेतून आलेला एक मुलगा घरी गोंडी बोलायचा आणि वर्गात तोंडच उघडायचा नाही. तुम्ही त्याला स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, आज गोष्ट हा सांगणार, याच्या बोलीत. तो सांगत गेला. कोणाला शब्द कळेना, पण त्याचे हात, त्याचा चेहरा पाहून सगळा वर्ग गप्प. मग तुम्ही म्हणालात, उठा. पोरांनी अंदाजानं बाजू घेतल्या, हिरिरीनं वादही घातला. शेवटी तो मुलगा पोट धरून हसायला लागला, कारण सगळ्यांनीच गोष्ट उलटी धरली होती. त्यानंतर त्याला वर्षभर गप्प बसवणं मला जड गेलं. त्या दिवशी एसटीत मी तुम्हाला काही बोललो नाही. आज सांगतो, तो तास फार चांगला होता.

पण माझा एक आरोप तुम्ही कधी खोडला नाही. मी म्हणायचो, पोरांना दाराखिडकीत पिटाळता आणि स्वतः मध्ये स्टुलावर बसून राहता. तुमची बाजू कोणती? तुम्ही म्हणायच्या, "मी उभी राह्यली का सारे माझ्याच मागं येतीन." मला ती पळवाट वाटायची. मग तुम्ही हळूच विचारायच्या, "आन तुमी, सर? तुमी कुठी उभे राह्यले असते?" मी म्हणायचो, मी गणिताचा माणूस, माझा संबंध नाही. हा प्रश्न तुम्ही गोष्टीबद्दल विचारत नव्हता, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

तो प्रश्न वनिताबद्दलचा होता.

चौदा वर्षं झाली. वनिता मांढरे, नववीत. वडील शाळेमागच्या तलावात मासे धरायचे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं तलावाचा नकाशा केला. कुठे किती खोल, ते सगळं मोजून. डोंग्यात बसून बाप-लेक दगड बांधलेली दोरी पाण्यात सोडत, हाता-हातावर मारलेल्या गाठी मोजत, आणि तलावाच्या पाळीवर बसून आकडे वहीत उतरवणाऱ्या तुम्ही. नकाशा असा उतरला की मी बघतच राहिलो. त्यावर तिनं पाण्यातल्या जागांची नावं लिहिली होती. बुढीचा डोह, हत्तीखड्डा, शिंगाड्याची बाजू, नवरीपाळ, खापरी. बाहेरच्याला तलाव म्हणजे नुसतं पाणी, पण तिच्या वडिलांना त्यात अख्खी वस्ती दिसायची. मी म्हटलं, विज्ञानात अशी नावं चालत नाहीत. ती खोडायला लावली आणि तिथे अ, ब, क, ड, इ लिहिलं.

मग प्रदर्शनासाठी चंद्रपूरला जायची वेळ आली. एका प्रयोगाला एकच विद्यार्थी. गाडी गावातल्या एका वजनदार माणसानं दिली आणि त्याचा मुलगा प्रशांत माझ्याच वर्गात होता. मी मनाशी म्हटलं, वनिता लाजते, परीक्षकांसमोर तिला बोलता यायचं नाही, पोरगा चुणचुणीत आहे. नकाशावर त्याचं नाव रंगवलं. परीक्षकांनी विचारलं, खोली कशी मोजली? प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्याऐवजी उत्तर मीच दिलं. नकाशाला बक्षीस मिळालं आणि तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागला. वनिता रोज त्या नकाशाखाली बसून माझा तास करायची. तुम्ही चहा पिताना एकदाच म्हणालात, "सर, हे बरोबर नाई झालं." मी म्हटलं, माझा वर्ग आहे, मी पाहून घेईन. आणि पुढची चौदा वर्षं मी काही पाहिलं नाही.

आता परवाचा वर्ग. मी म्हटलं, बरं, गोष्ट कुठवर आली होती ते तरी सांगा. पोरं एकमेकांच्या तोंडचं ओढून घेत सांगायला लागली. एक बुरड होता. बांबूच्या टोपल्या, सुपं, धान साठवायच्या ढोल्या विणायचा. एक मुलगी त्याच्याकडे काम शिकायला यायची. तिनं एक ढोली अशी विणली की दूरदूरची माणसं बघायला आली आणि त्यांनी बुरडाची पाठ थोपटली. बुरड काही बोलला नाही. मुलगी बाजूलाच कामट्या सोलत बसली होती. तिथे तुम्ही थांबलात आणि विचारलंत, त्या मुलीनं बोलावं का नाही? पोरं दाराखिडकीत गेली, वाद रंगला आणि घंटा झाली.

माझ्या हातातला खडू मोडला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला राग आला. वाटलं, ही बाई मेल्यावरसुद्धा मला सोडत नाही. तरी मी म्हटलं, ठीक आहे, चला उठा, घ्या आपापल्या बाजू. पोरं उठली. फक्त शेवटून दुसऱ्या बाकावरची पल्लवी उठली नाही. एरवी हजेरीलाही जिचा आवाज मागून घ्यावा लागतो ती म्हणाली, "सर, पोरीनं बोलावं का नाई हे बाईनं विचारलं. पण बोलाचं तर त्या बुरडाले होतं ना? तो काऊन चूप राह्यला?"

बाई, तुमचा प्रश्न चुकला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो, तुमचा प्रश्न चुकला होता आणि एका चौदा वर्षांच्या मुलीनं तो दुरुस्त केला. जिच्यावर अन्याय झाला तिलाच आपण उभं करतो, बोल नाहीतर गप्प बस म्हणून, आणि ज्यानं केला तो बसलेलाच राहतो. की तुम्ही तो मुद्दाम चुकीचा ठेवला होता? ते आता कळायचं नाही. तुमचा स्वभाव पाहता मला मुद्दामचा संशय आहे.

मी फळ्याकडे वळलो. फळ्यावर लिहायचं काही नव्हतं. परत वळलो आणि म्हटलं, "तो बुरड मी आहे." आणि सगळं सांगितलं. नकाशा, दोरी, प्रशांत, परीक्षक. नावं खोडली तेही. सांगून झाल्यावर तुमच्यासारखाच थांबलो आणि विचारलं, आता चौदा वर्षांनी या बुरडानं त्या मुलीकडे जावं का?

बरीचशी पोरं दाराकडे गेली. मी खिडकीकडे गेलो. हो, मी खिडकीत उभा राहिलो, कारण मला खरंच वाटत होतं की जुनी खपली काढू नये. माझ्या शेजारी करण होता. तो म्हणाला, "आता जाऊन काय फायदा, सर? त्या बुरडाच्या मनाले बरं वाटन. तिले काय भेटन?" मला तो मुद्दा एकदम पटला. पटण्यासारखाच होता, माझ्या सोयीचा होता. तेवढ्यात दारातून पल्लवी म्हणाली, "ते तिलेच विचारा ना, सर. तुमी काऊन ठरवून राह्यले?"

मी खिडकी सोडली, चालत दाराकडे गेलो आणि तुमच्या नियमाप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, "मी बाजू बदलली." कोणी हसलं नाही. वयाच्या पन्नाशीत चाळीस पोरांसमोर असं म्हणणं किती अवघड असतं, बाई, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या वर्गातली तेरा-चौदा वर्षांची पोरं ते दर आठवड्याला करत होती आणि मी भिंतीपलीकडून त्याला पोरखेळ म्हणत होतो.

बुधवारी नागभीडच्या बाजारात गेलो. वनिता तिथे मासे विकते हे मला ठाऊक होतं, म्हणूनच त्या ओळीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि इथे, बाई, तुमचं सगळ्यात मोठं कारस्थान उघडकीला आलं.

दर बुधवारी संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात पिशवी द्यायच्या. कधी मरळ, कधी वाम, कधी झिंगे. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मासे. मी किती चिडवायचो तुम्हाला. तुम्ही म्हणायच्या, "वळखीच्या पोरीकडून घ्या लागतेत, आमच्या घरी तर कोणी खात नाई, तुमी खा." आम्ही खाल्ले. वर्षानुवर्षं, चवीनं, रस्सा भाताला लावून.

वनितानं मला पाहिलं. हातातला मासा खवलायचा थांबवला नाही. म्हणाली, "बाई गेल्या म्हणून सोता आले का मासे घ्याले?"

मला कळेना. तिनंच सांगितलं. "दर बाजारी येत बाई. म्हणत, भोयर सरासाठी दे. म्या चांगलेच पाहून देत होतो. तुमाले माहीत नोहतं?"

"नाही," मी म्हटलं.

"माझं लगन झालं त्याच साली आल्या होत्या. म्हणल्या, वनिता, आकडे म्या लिवले, मले सारं माहीत होतं, आन म्या चूप राह्यली. माझं चुकलं. म्या म्हणलो, बाई, तुमचं ठीक हाय, पण सर कधी येतेत? तर म्हणल्या, येतीन. त्यायले वेळ लागते."

भर बाजारात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वेळ लागते! तुम्ही मला किती वर्षं दिली, बाई. आणि मी तुम्हाला म्हणत होतो की तुम्ही कधी कुठे उभ्या राहत नाही. तुम्ही उभ्या राहिला होतात. फक्त वर्गात नाही, मासळीच्या ओळीत, माळ घालून, दर बुधवारी. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. याबद्दल मी तुमचे उपकार मानतो आणि याबद्दलच मला तुमचा रागही आहे. सांगितलं असतंत तर तुमच्या हयातीत झालं असतं. किंवा मी मासे खाणं बंद केलं असतं आणि तिथेच सगळं थांबलं असतं. तुम्ही मला चांगलं ओळखत होता.

मी म्हटलं, "वनिता, माझं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. ठीक आहे, जाऊ द्या, असं काही म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. मग मी म्हटलं, नकाशावरचं नाव खोडून तुझं लिहितो. ती म्हणाली, "माझं नाव तर लिवाच. पण पयले ते अ ब क ड पुसा, सर. ते नावं माझ्या बाबानं सांगतले होते. बाबा गेले. आता ते नावं कुठी हायेत?"

चौदा वर्षं मला वाटत होतं की मी तिचं बक्षीस घेतलं. ती मात्र दुसऱ्याच गोष्टीचं दुःख धरून बसली होती. मी विचारलं असतं तर कळलं असतं.

मी बोलावलं म्हणून गुरुवारी तिसऱ्या तासाला ती शाळेत आली. मी नकाशा उतरवून, पुसून नववीच्या वर्गात आणून ठेवला होता. प्रशांतचं नाव आणि अक्षरं त्या सकाळीच घासून काढली होती. तिनं ब्रश घेतला. बुढीचा डोह. हत्तीखड्डा. शिंगाड्याची बाजू. नवरीपाळ. पाचव्या जागेवर तिचा हात थांबला. "काय होतं बरं हे?" ती पुटपुटली. मलाही आठवेना, आणि खोडायला लावणारा मीच. लाजेनं मी खाली पाहिलं. तेवढ्यात खिडकीकडून करण ओरडला, "खापरी! ते खापरी व्हय! माझा आजा तसाच म्हणते." करणच्या घरी मासे धरतात हे वर्गात कोणाला माहीत नव्हतं. त्यानं ते कधी सांगितलं नव्हतं. आज सांगून वर त्यानं वनिताकडे ब्रश मागितला आणि ते नाव स्वतः लिहिलं. खाली वनितानं आपलं नाव लिहिलं, आणि त्याच्या बाजूला वडिलांचं.

नकाशा आता दार आणि खिडकीच्या मधल्या भिंतीवर आहे. ही जागा पोरांनी निवडली.

वनिता निघाली तेव्हा पल्लवीनं तिला अडवलं. तुमची बुरडाची गोष्ट तिला सांगितली आणि विचारलं, "ताई, आता तुमी सांगा. तुमी दारात का खिडकीत?"

वनितानं दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग पदर खोचून सरळ मधोमध आली आणि तुमच्या स्टुलावर बसली. वीस वर्षांत तिथे तुमच्या परवानगीशिवाय कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. स्टूल डुगडुगलं. तिनं ते पायानं नीट केलं.

"बसा सारे," ती म्हणाली. "पुढची गोष्ट मी सांगतो."

पोरं बसली. मी शेवटच्या बाकावर जागा करून घेतली आणि ऐकायला बसलो. तुमच्या तासाला, बाई, पहिल्यांदाच.